शिक्का कुणाचा, कातडे कुणाचे?

मोबाइलवर 'लोगो ओळखा' नावाचा खेळ आपल्या पोरांमध्ये फार चालतो. कंपनीचे नाव झाकलेले असते, फक्त चिन्ह दिसते आणि दोन सेकंदांत उत्तर द्यायचे. चावलेले सफरचंद, बरोबरच्या खुणेसारखा तो बाक, तीन पट्टे, गोलातली तीन टोकांची चांदणी. पोरे पटापट सांगतात. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना त्यामागच्या गोष्टीही पाठ असतात. आम्ही त्याला नावे ठेवणार नाही. जग कुणाच्या मुठीत आहे हे कळायचे तर मुठीवरची खूण ओळखता आलीच पाहिजे. पण ही गोष्ट सांगतो कोण आणि त्या गोष्टीतून कोण गाळला जातो, हे विचारायला आपण शिकलेलो नाही, आणि आमचे भांडण तिथे आहे.

नायकेची खूण घ्या. १९७१ साली कॅरोलिन डेव्हिडसन नावाच्या एका विद्यार्थिनीने ती काढून दिली आणि तिला मिळाले ३५ डॉलर. बारा वर्षांनी कंपनीने तिला सोन्याची अंगठी आणि काही शेअर दिले. ही गोष्ट इंटरनेटवर हजार ठिकाणी सापडते. ॲपलचे सफरचंद १९७७ साली रॉब जॅनॉफने काढले आणि ते चेरीसारखे दिसू नये म्हणून त्याला चावा दिला, हेही सापडते. मर्सिडीजच्या चांदणीची तीन टोके म्हणजे जमीन, पाणी आणि हवा. सापडणार नाही ते एकच. तो बूट शिवला कुणी? त्याचे कातडे सोलले, धुतले, कमावले कुणी? ब्रँडच्या गोष्टीत मालक असतो, फार तर चित्रकार असतो. कारागीर कधीच नसतो. हे वाचून आपल्याला काहीतरी ओळखीचे वाटायला हवे, कारण गावगाड्याची गोष्टही आपल्याला अशीच सांगितली गेली. गाव पाटलाचा, वतन देशमुखाचे, देऊळ पुजाऱ्याचे. मोट ज्याने शिवली, वेस ज्याने राखली, मेलेले ढोर ज्याने ओढले तो त्या गोष्टीत नाही.

'ब्रँड' हा शब्दच मुळी जाळण्यावरून आला आहे. तापलेल्या लोखंडाने जनावराच्या अंगावर मालकाची खूण उमटवायची, म्हणजे हे ढोर कुणाचे ते लांबूनच कळते. मराठीत आपण त्याला डागणे म्हणतो. आपल्या भाषेची कमाल अशी की डाग म्हणजे कलंक, डाग म्हणजे तापल्या लोखंडाचा चटका आणि डाग म्हणजे अंगावरचा दागिनाही. तोच शब्द, पण कुणाच्या वाट्याला कोणता अर्थ यायचा ते या देशात जन्मावर ठरले.

आपल्या पूर्वजांच्या अंगावर खुणा होत्याच. बाबासाहेबांनी १९३६ सालच्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये पेशवाईतले नियम लिहून ठेवले आहेत. अस्पृश्याने ओळखू यावे म्हणून मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा बांधायचा. पुण्यात तर कमरेला झाडू लावायचा, म्हणजे पावलांची धूळ पुसली जाईल, आणि थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडके अडकवायचे. लोगो म्हणजे नाव न वाचता कळणारी खूण. मग काळा दोरा, झाडू आणि मडके हे या देशातले सगळ्यात यशस्वी लोगो म्हणावे लागतील. ते काढायला चित्रकार लागला नाही आणि जाहिरातही लागली नाही. लहान पोरालाही ते कळत होते.

म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळल्यानंतर बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांशी लुगड्याबद्दल आणि दागिन्यांबद्दल बोलणे हा काही किरकोळ विषय नव्हता. ज्या नेसण्यावरून आणि ज्या गळ्यातल्या-हातातल्या जड दागिन्यांवरून जात ओळखू येते ती राहणी सोडा, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्याने लादलेली खूण आधी अंगावरून उतरवायची. त्या सभेतून परतलेल्या आपल्या आज्या-पणज्यांनी लुगडे पायाच्या घोट्यापर्यंत नेसायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना लोगोचे राजकारण आपल्यापेक्षा जास्त कळले होते असे आम्हाला वाटते.

आता एक नाव घेऊ जे आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे. बाटा. अनेकांना ती भारतीय कंपनी वाटते. ती १८९४ साली सुरू झाली, आज चेक देशात असलेल्या झ्लिन नावाच्या गावात, तोमाश बाटा आणि त्याच्या भावंडांनी मिळून. हे घराणे पिढ्यानपिढ्या जोडे शिवणारे. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचे तर चांभाराचे घर. त्या घराने आपले आडनाव जोड्यावर छापले आणि १९३० च्या दशकात कोलकात्याजवळ कारखाना काढला, तेव्हा त्या वस्तीचे नावही बाटानगर झाले. शाळेत बाटाचा बूट घातलेले सवर्ण पोर ते आडनाव पायात मिरवत होते आणि त्याच वर्गात बसलेल्या पोराला बापाच्या धंद्यावरून चिडवत होते. फॉर्म्युला वन शर्यती बघणाऱ्यांना शूमाकर माहीत आहे. जर्मन भाषेत शूमाकर म्हणजे जोडे बनवणारा. फेरारी गाडीवर हे आडनाव आले तेव्हा जगाने टाळ्या वाजवल्या. युरोपात गरिबी होती, शोषण होते, ते आम्ही नाकारत नाही. पण जोडे शिवणाऱ्याचा मुलगा जोडे शिवता शिवता कारखानदार झाला तर त्याला आडनाव लपवावे लागले नाही. इथे जातीचे नाव इतकी मोठी शिवी करून ठेवली की ती थांबवायला १९८९ साली ॲट्रॉसिटीचा कायदा करावा लागला.

हे लांबचे वाटत असेल तर श्रीगोंद्याला चला. आपल्या जिल्ह्यातला तालुका. जुन्या कागदपत्रांत, बखरींत, इंग्रजांच्या लिखाणात या गावाचे नाव चांभारगोंदे असे येते. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे यांनी ज्या सावकाराकडे आपले द्रव्य ठेवले तो शेषाप्पा नाईक याच चांभारगोंद्याचा. संतकवी शेख महंमद याच गावचे. गोविंद नावाच्या एका भाविक चांभारावरून गावाला हे नाव पडले असे सांगितले जाते. म्हणजे एका अख्ख्या पेठेच्या गावाने एका चर्मकाराचे नाव शतकानुशतके कपाळावर लावले होते. आज तिथे 'श्री' आहे. चांभार गेला, श्री आला. कंपन्या ज्याला रिब्रँडिंग म्हणतात ते हेच, फक्त इथे नावाचा मालक विचारात घेतला गेला नाही. श्रीगोंद्याच्या एसटी स्टँडवर उतरणाऱ्या किती पोरांना हे ठाऊक आहे? नायकेच्या ३५ डॉलरची गोष्ट मात्र ठाऊक आहे.

नाव बदलण्याला आमचा सरसकट विरोध नाही, हे इथेच स्पष्ट करतो. जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर करण्याची घोषणा ३१ मे २०२३ रोजी चौंडीत झाली आणि २०२४ मध्ये ते अधिकृत झाले. जामखेड तालुक्यातल्या चौंडीत जन्मलेल्या, धनगर समाजातून आलेल्या एका कर्तबगार स्त्रीचे नाव जिल्ह्याला मिळाले, याचा आम्हाला आनंदच आहे. पण दीड वर्षात सगळ्या पाट्या बदलतात हे पाहताना मराठवाडा विद्यापीठ आठवल्याशिवाय राहत नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने ठराव केला आणि प्रत्यक्ष पाटी लागली १४ जानेवारी १९९४ ला. साडेपंधरा वर्षे. मधल्या काळात वस्त्या जळाल्या, पोचीराम कांबळेंना मारले, गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतले. आणि शेवटी मिळाला तो नामविस्तार. 'नावात काय आहे' असे म्हणणाऱ्याने आधी हा हिशोब द्यावा.

बाजारात नाव कसे काम करते हे किराणा दुकानातही दिसते. मराठी माणसाच्या स्वयंपाकघरात लोणचे, मसाला, पापड, वडा, मिठाई यांवर कोणती आडनावे छापलेली असतात ते एकदा सावकाश वाचा. बेडेकर, चितळे, जोशी. त्यांचा माल चांगला नसतो असे आमचे म्हणणे मुळीच नाही, मेहनतही आहे. पण त्या आडनावाने गिऱ्हाइकाला चवीबरोबर आणखी एक गोष्ट न बोलता विकली जाते. हात 'शुद्ध' असल्याची हमी. २०१७ साली पुण्यात एका उच्चपदस्थ शास्त्रज्ञ बाईंनी, स्वयंपाकाला ठेवलेल्या बाईने जात खोटी सांगून आपले सोवळे मोडले म्हणून पोलिसांत तक्रार केली होती. एवढ्या शिकलेल्या घरात हे चालते, तर पाकिटावरच्या आडनावाचे वजन किती असेल? कांबळे लोणचे, साळवे मसाले, घोडके पापड अशी पाकिटे दुकानाच्या फळीवर का दिसत नाहीत? आपल्या बायांच्या बचत गटांना येसर, काळा मसाला, कुरडई येत नाही म्हणून? बचत गटाच्या पिशवीवर आपण 'अन्नपूर्णा' किंवा 'श्री गणेश' असे काहीतरी छापतो आणि माल खपावा म्हणून आपणच आपले आडनाव आत ढकलतो. या बायांना आम्ही दोष देत नाही. ज्या बाजाराने त्यांना हे शिकवले त्याला देतो. चंद्रभान प्रसाद यांनी २०१६ मध्ये 'दलित फूड्स' या नावानेच मसाले आणि लोणची बाजारात आणली, ती याच भिंतीवर मारलेली धडक होती.

आता कातड्याकडे येऊ, कारण गेल्या वर्षी या सगळ्याचा एक मोठा तमाशा झाला. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये मॉडेलच्या पायात जी चप्पल घातली ती उघड उघड कोल्हापुरी होती. कंपनीने तिला नुसते 'लेदर सँडल' म्हटले. कोल्हापूरचा उल्लेख नाही, भारताचा नाही. महाराष्ट्रात गदारोळ उठला. व्यापारी संघटनेने पत्र लिहिले, नेत्यांनी निवेदने दिली, वाहिन्यांवर 'मराठी अस्मिता' धावली. मग कंपनीने मान्य केले की प्रेरणा भारतीय हस्तकलेची आहे.

त्या महिनाभरात आम्ही वर्तमानपत्रे नीट वाचत होतो. 'कोल्हापूरची शान', 'महाराष्ट्राचा वारसा', 'आपली संस्कृती' हे शब्द भरपूर. चांभार, ढोर हे शब्द किती वेळा आले? ज्या चपलेसाठी ढोर समाजाने चुन्याच्या हौदात हात घालून, बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडे कमावले, जिच्या वेण्या आपल्या बायांनी घरात बसून घातल्या, जिच्यावर रापी आणि आरी चालवून पिढ्या वाकल्या, ती चप्पल संकटात आली की 'महाराष्ट्राची' होते. आणि तेच कातडे भिजत घातलेल्या कुंडाशेजारून जाताना हाच महाराष्ट्र नाकाला रुमाल लावतो. वस्तू सगळ्यांची, वास फक्त आपला! प्राडाने चोरी केली असे ओरडणाऱ्यांनी कारागिराचे नाव किती वर्षे गिळले होते, याची चर्चा कुठल्याच वाहिनीवर झाली नाही. चपलेच्या एका प्रकाराला कागल तालुक्यातल्या कापशी गावावरून 'कापशी' म्हणतात. गावाचे नाव टिकले. ती घडवणाऱ्या पहिल्या माणसाचे नाव सांगता येते का कुणाला?

या प्रकरणाची कायदेशीर बाजू आपल्या तरुणांनी मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ज्याला सगळे जीआय म्हणतात. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर अशा आठ जिल्ह्यांत बनलेल्या चपलेलाच हे नाव लावता येते. आणि या मानांकनाचे नोंदणीकृत मालक कोण? दोन सरकारी महामंडळे. आपल्याकडचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकचे लिडकर. कारागीर मालक नाही. तो स्वतंत्र नोंद करून 'अधिकृत वापरकर्ता' होऊ शकतो, आणि तीही नोंद केली तरच. प्राडाविरुद्ध काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, ती जुलै २०२५ मध्ये फेटाळली गेली. न्यायालयाचा मुद्दा साधा होता. ज्यांच्या नावावर नोंदणी आहे त्यांनी यावे, तुमचा संबंध काय? म्हणजे पिढ्यानपिढ्या रापी कुणी चालवली याला कोर्टात किंमत नाही, रजिस्टरमध्ये नाव कुणाचे याला आहे. हा धडा आपल्याला नवा नाही. सातबारा कुणाच्या नावावर आणि नांगर कुणाच्या हातात, हे आपण पाहत आलो आहोत.

डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने या दोन महामंडळांशी करार केला. महाराष्ट्र आणि कर्नाटकात दोन हजार जोड बनवायचे, किंमत सुमारे ८०० युरो, म्हणजे आपले ८० हजार रुपयांच्या वर, शिवाय कारागिरांना प्रशिक्षण. कोल्हापुरात जो जोड हजार-दीड हजारात मिळतो त्यावर त्या त्रिकोणी पाटीचा शिक्का बसला की किंमत पन्नास पटीने वाढते. कातडे तेच, वेणी तीच. मधला फरक कुणाच्या खिशात जातो हा प्रश्न विचारणे म्हणजे विकासाला विरोध नव्हे. करारात कारागिराचा वाटा किती, हे महामंडळाने मराठीत छापून प्रत्येक कारागिराच्या घरी पोहोचवले पाहिजे.

आणि आपल्या जिल्ह्याचे काय? नगर त्या आठ जिल्ह्यांत नाही. श्रीगोंद्याचा, जामखेडचा किंवा नेवाशाचा कारागीर कितीही सुबक जोड शिवो, त्याला 'कोल्हापुरी' म्हणून तो विकण्याचा कायदेशीर अधिकार नाही. त्याला स्वतःचीच खूण लागेल. आमची सूचना अशी की ज्यांना हा धंदा मालक म्हणून करायचा आहे अशा तरुणांनी एकत्र यावे आणि त्या जोड्यावर 'चांभारगोंदे' हे नाव छापण्याचा विचार करावा. धारावीत सुधीर राजभर यांनी 'चमार स्टुडिओ' या नावाने पिशव्या काढल्या. २०१५ च्या गोवंश हत्याबंदीने कातड्याचा धंदा मोडला तेव्हा त्यांनी कारागिरांच्या हातात टाकाऊ रबर दिले आणि शिवीचे नाव महागड्या पिशवीवर छापले. लोकांनी विकत घेतले. अर्थात चांभार हा शब्द नको, चर्मकार म्हणा, असे समाजातल्या अनेकांचे मत आहे आणि निर्णय त्यांचाच. बाहेरून कुणी तो लादू नये, आम्हीही नाही.

इथे आमच्यातलाच एखादा कार्यकर्ता म्हणेल, बाबासाहेबांनी जातीचे धंदे सोडायला सांगितले आणि तुम्ही पोरांना पुन्हा आरीकडे पाठवता? आक्षेप रास्त आहे. बापाचाच धंदा मुलाने करावा या गांधीजींच्या मताला बाबासाहेबांचा कडाडून विरोध होता. मेलेली ढोरे ओढणे बंद करा हे त्यांनी सांगितले आणि लोकांनी पोटाला चिमटा घेऊन ते पाळले. २०१६ साली उना इथल्या मारहाणीनंतर गुजरातमध्ये पुन्हा तेच घडले. आम्ही कुणालाही परत जा म्हणत नाही. पण बाबासाहेबांचा मुद्दा सक्तीचा होता. जन्माने नेमून दिलेले, बिनकिमतीचे, बिनमालकीचे काम सोडायचे. मालकी, नोंदणी, कारखाना आणि नफा हे कुणाला सोडायला सांगितले होते? झाले असे की काम आपल्या माथी होते तोवर ते घाण होते, आणि आपण सोडल्यावर त्याचा 'लेदर इंडस्ट्री' झाला. आज मोठमोठ्या चर्मोद्योग कंपन्यांचे मालक कोणत्या आडनावांचे आहेत ते बघा. आणखी एक गोष्ट. 'हा चर्मकारांचा प्रश्न आहे, आपला नाही' असे म्हणणारेही आपल्यात निघतील. असा विचार करणाऱ्यांनी जयंतीच्या व्यासपीठावरून जातिअंताचे भाषण करू नये.

कातड्यापुरतेच हे आहे असेही नाही. नगरने देशाला एक प्रसिद्ध ब्रँड दिला, लुना. कायनेटिक कंपनीची ही पायडलवाली गाडी १९७२ साली आली आणि नगरच्या कारखान्यात बनली. 'चल मेरी लुना' ही जाहिरात पीयूष पांडे यांची, हे सामान्यज्ञानाच्या पुस्तकात असते. फिरोदिया घराणे माहीत असते. पण नगरच्या त्या शेडमध्ये इंजिन जोडणारे, पत्र्याला रंग मारणारे, पाथर्डी-पारनेरच्या दुष्काळातून सुटून पहिल्यांदा पगारी नोकरीला लागलेले हात? त्यांच्यावर एक पान नाही. तिथल्याच एमआयडीसीत एल अँड टीचा स्विचगिअरचा कारखाना होता. १९३८ साली मुंबईत दोन डॅनिश इंजिनिअरांनी काढलेली ही कंपनी, नावातले लार्सन आणि टुब्रो तेच. २०२० मध्ये तिचा हा विद्युत उपकरणांचा व्यवसाय श्नायडरने विकत घेतला आणि २०२४ मध्ये त्याला लॉरिट्झ नूडसन हे नाव मिळाले. गेट तेच, मशीन तेच, फक्त पाटी वेगळी. ब्रँडचे मूल्य हजारो कोटींत मोजून एका खिशातून दुसऱ्या खिशात गेले.

आणि साखर? प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० साली सुरू झाला, आशियातला पहिला म्हणून त्याचा गौरव होतो. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ही नावे शाळेच्या पुस्तकात आहेत, ती असावीतही. पोत्यावर कारखान्याचा शिक्का असतो. ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोला मात्र मिळून एकच नाव असते, 'कोयता'. मुकादम उचल देताना विचारतो, किती कोयते? माणसे नाहीत, कोयते. एक जोडपे म्हणजे एक हत्यार. ही पण खूणच आहे, फक्त ती 'लोगो ओळखा'मध्ये येत नाही.

मग आपल्या पोरांनी ब्रँडेड बूट घालू नयेत का? खुशाल घालावेत. बाबासाहेब सुटाबुटात राहिले ते हौस म्हणून नव्हे. ज्याला लंगोटीत ठेवायचे ठरवले होते त्याने कोट घातला की समोरच्याची व्यवस्था हलते. गावात नवा बूट, गॉगल, बुलेट यावरून आपल्या पोरांना मार बसल्याच्या बातम्या आपण वाचतो. ज्या जिल्ह्यात २०१५ च्या मे महिन्यात शिर्डीत बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून एका शिकणाऱ्या तरुणाचा जीव घेतला गेला, त्या जिल्ह्यात खुणेला काय किंमत मोजावी लागते हे आम्हाला कुणी शिकवायला नको. त्यामुळे 'पोरे ब्रँडच्या नादी लागली' असे उपदेश करणाऱ्या चळवळीतल्या वडीलधाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. फक्त एवढेच म्हणतो की पायातली खूण विकत घेता येते, ती आपली होत नाही.

आपली म्हणावी अशी खूण आपल्याकडे आहे आणि तिचाही इतिहास आहे. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी शाहू महाराजांच्या मदतीने 'सत्यसुधारक' नावाचे हॉटेल काढले. पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून ज्याला मारहाण झाली होती त्या माणसाच्या दुकानात महाराज स्वतः थांबून चहा घेत आणि सोबतच्यांनाही प्यायला लावत. एक पाटी, एक किटली आणि समोर छत्रपती. १९५२ च्या निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे चिन्ह हत्ती होते. अक्षर न येणारी आपली माणसे तो हत्ती ओळखून त्याच्या पेटीत मत टाकत होती. पुढे तो रिपब्लिकन पक्षाकडे आला, मग कांशीराम साहेबांनी तो उत्तरेत सत्तेपर्यंत नेला. महाराष्ट्रात आपण गटातटात इतके वाटले गेलो की आज आपल्या पोराला विचारले, आपल्या पक्षाचे चिन्ह काय, तर तो आधी विचारतो, कोणत्या गटाचे? लोगो ओळखण्यात तरबेज पिढीला हे उत्तर द्यावे लागते, याची लाज पुढाऱ्यांना वाटली पाहिजे.

जयंती जवळ आली की प्रत्येक वस्तीत निळे टी-शर्ट, झेंडे, बॅनर, चौकातल्या कमानी यांवर लाखो रुपये खर्च होतात. अशोकचक्र, बाबासाहेबांची सही, 'जय भीम' ही अक्षरे सगळ्यांवर असतात. हा माल कुठून येतो? शिवतो कोण, छापतो कोण, नफा कुणाला? नगर शहरातल्या आणि तालुक्याच्या मंडळांनी मिळून ही एक ऑर्डर जरी आपल्या शिलाई करणाऱ्या बायांच्या आणि छपाई करणाऱ्या पोरांच्या गटाला दिली, तर वर्षभराचे काम उभे राहते. त्या गटाने आपले नाव आणि खूण नोंदवून घ्यावी. एका व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला ट्रेडमार्कच्या ऑनलाइन अर्जाची फी ४,५०० रुपये आहे, मोठ्या कंपनीला ९,०००. नोंद दहा वर्षे टिकते, पुढे वाढवता येते. एका मध्यम बॅनरच्या खर्चात हे होते. छपाईच्या ऑर्डरी मार्चमध्येच जातात, त्यामुळे मंडळांची बैठक फेब्रुवारीत घ्यावी लागेल, आणि त्या बैठकीला टी-शर्ट शिवणाऱ्या बायाही बोलवाव्या लागतील.